परतीचं पाणी

कोंडउन्हाळ्यात लाकडाच्या जाळावर काजू शिजवणं बंद होऊन आता बारा वर्षं होत आली होती. शाळेतल्या पोरांना तो जाळ ठाऊकच नव्हता. दर्शना धुमकला मात्र तो चांगला आठवत होता. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा पहिली काही वर्षं तिने बोरम्यापुढेच काढली होती. बोरमा म्हणजे काजूगर वाळवायची भट्टी. धुराने डोळे चुरचुरायचे, टरफलातल्या तेलाने बोटांची सालं निघायची, आणि दर हिवाळ्यात गावामागच्या डोंगरावरचं रान थोडं आणखी वर सरकायचं.

त्या डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचं कुंड होतं. ते कधीपासून आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पाणी का तापतं याच्या गोष्टी गावात होत्या, पण खरं कारण शोधायला पुण्याहून माणसं आली तेव्हा कळलं की ते त्या गोष्टींपेक्षा कमी नवलाचं नाही. कोकणचा काळा कातळ वाटतो तेवढा खोल नाही. त्याच्या खाली ग्रॅनाइट आहे, आणि त्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम-थोरियमचे कण अगदी तुरळक विखुरलेले आहेत. हे कण अब्जावधी वर्षं झिजत आलेत, आणि झिजताना प्रत्येक कण चिमूटभर उष्णता सोडतो. एवढ्या खोलवरून ती उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही, म्हणून साठत जाते. डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरतं, त्या तापलेल्या दगडाला भिडतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. कोंडउन्हाळ्याच्या कुंडात येणारं पाणी म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वीचा पाऊस होता.

त्या उष्णतेवर गावात उष्माघर उभं राहिलं. दोन विंधन विहिरी खणल्या. एकीतून दाबाखाली उकळीपेक्षाही जास्त तापलेलं पाणी वर यायचं आणि पोलादाच्या पातळ पत्र्यांमधून वाहायचं. पत्र्यांच्या पलीकडून दुसरं, गावातलं स्वच्छ पाणी जायचं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नसत, फक्त ऊब इकडची तिकडे जायची. आपली ऊब देऊन निवलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून पुन्हा जमिनीत सोडलं जायचं.

मिळालेल्या उष्णतेची मग उतरंड लागायची. सगळ्यात प्रखर उष्णता काजूबियांची वाफ करायला. त्यातून उरलेली काजूगर वाळवायला. त्याहून सौम्य ती रातांब्यांच्या सालींना, कारण त्यांची आमसुलं जास्त आचेवर काळवंडतात. मग फणसपोळी, आणि शेवटी जी हाताला कोमट लागेल तेवढी रोपवाटिकेच्या वाफ्यांखाली. रातांबे पिकतात ते नेमके पावसाळ्याच्या तोंडावर. ऊन मिळायचं नाही म्हणून पूर्वी अर्धे झाडाखालीच कुजून जायचे. आता बाहेर धो-धो कोसळत असलं तरी उष्माघरात आमसुलांना रसाची पुटांवर पुटं चढत. आसपासच्या वाड्यांतल्या बायका तिथे कामाला होत्या. त्यांची संस्था होती आणि दर्शना तिची अध्यक्ष होती. डोंगरावरचं रान पुन्हा खाली उतरायला लागलं होतं.

कुंड मात्र तिच्या नणंदेकडे होतं.

सुलभा धुमकांची थोरली लेक. ऐन तारुण्यात नवरा गेला तेव्हा माहेरी परतली आणि गावाने कुंडाची देखभाल तिच्याकडे सोपवली. सांधे धरलेली, पाठ आखडलेली माणसं लांबून यायची. पाणी थेट अंगावर घेण्याजोगं नसायचं, म्हणून ती ते पाटाने शेजारच्या टाक्यांत घ्यायची, निववायची, स्वतःचा हात घालून बघायची आणि मगच माणसाला आत बसवायची. घरात तिचा शब्द मोठा होता. दर्शनाचा नवरा महेंद्र महामार्गावरच्या चार्जिंग स्टेशनवर नोकरीला होता. घरी आला की तो दोघींच्या मध्ये बसून जेवायचा, आणि दोघींचंही ऐकून घेऊन कुणाच्याच बाजूने बोलायचा नाही.

उष्माघर झालं तेव्हा सुलभाने विरोध केला नव्हता. तिने पाठिंबाही दिला नव्हता. बारा वर्षांत तिने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं, आणि तिला बोलवावं असं दर्शनालाही कधी वाटलं नव्हतं.

कुंडाचं पाणी थंड होत चाललंय हे सुलभानेच पहिल्यांदा सांगितलं. पूर्वी टाकीतलं पाणी निवेपर्यंत तिची घरची दोन कामं उरकायची. आता माणूस कपडे बदलून येईतो पाणी बसण्याजोगं झालेलं असायचं. दर्शनाला वाटलं, वय झालं, हाताच्या कातडीला पूर्वीसारखं कळत नसेल. तसं ती बोलली नाही, पण लक्षही दिलं नाही.

त्याच वर्षी एका मोठ्या फळप्रक्रिया कंपनीने संस्थेकडे प्रस्ताव पाठवला. त्यांना तिसरी विहीर हवी होती. आंब्याचा रस, सुकी मासळी, वर्षभर चालणारा कारखाना. गावातल्या पोरांना मुंबईला जावं लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. नवी विहीर खणण्याआधी जमिनीखालचा अभ्यास करणं बंधनकारक होतं. त्यासाठी भूजलशास्त्रज्ञ सौमित्र आगाशे गावात येऊन राहिला. तिशी-पस्तिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. बोलताना समोर कागद असला की हटकून त्यावर रेघा मारायचा.

त्याने दर्शनाला समजावलं की परतीच्या विहिरीत सोडलेलं पाणी खाली गेल्यावर कुठल्या वाटेने जातं, हे कळायला हवं. ते लांबून, हळूहळू, पुन्हा तापत गरम विहिरीकडे आलं तर उत्तम. एखाद्या भेगेतून झटपट आलं तर वाईट, कारण मग दगडाला त्याला तापवायला वेळच मिळत नाही. हे तपासायला परतीच्या पाण्यात रंग मिसळायचा. डोळ्यांचे डॉक्टर तपासताना जो हिरवट रंग वापरतात तोच. अपाय काही नाही. मग गरम विहिरीचे नमुने घेत राहायचं.

"कुंडात येईल का?" दर्शनाने विचारलं होतं.

सौमित्रने नकारार्थी मान हलवली. अंतर पाहता तसं वाटत नाही, आलाच तर कित्येक महिन्यांनी आणि नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतका विरळ होऊन येईल, असं तो म्हणाला. गावात सांगायचं की नाही हे त्याने तिच्यावर सोडलं. दर्शनाने विचार केला. रंग, रसायन असे शब्द कानावर पडले की माणसं बिथरतात. उगाच कशाला. तिने कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

आठवडाही उलटला नसेल. दर्शना बियांच्या वाफेचं मीटर बघत होती, तेवढ्यात कुंडाकडून कुणीतरी धावत आलं आणि म्हणालं की पाणी हिरवं झालंय.

ती पोचली तेव्हा कुंडाभोवती माणसं गोळा झाली होती. पाणी नुसतं हिरवट नव्हतं, उन्हात ते काचेसारखं चमकत होतं. साखरप्याहून आलेला एक म्हातारा टाकीच्या कट्ट्यावर अंगाला टॉवेल गुंडाळून बसला होता, गुडघ्यापर्यंतचे पाय हिरव्या पाण्याने ओले. त्याचा मुलगा सुलभाला विचारत होता की पाण्यात काय घातलं. सुलभा त्याला परत परत एकच सांगत होती की तिने काही घातलेलं नाही. कुणीतरी विषाचं नाव काढलं. कुणी देवीचं.

दर्शनाने पुढे होऊन सगळ्यांना सांगितलं. रंग काय आहे, कशासाठी आहे, अपाय कसा नाही. ती बोलत असताना सुलभाने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. म्हाताऱ्याला मुलगा उचलून घेऊन गेला. माणसं पांगली. मग सुलभा पायऱ्या उतरून कुंडाशी गेली, ओंजळभर पाणी घेतलं, बघितलं आणि सोडून दिलं.

"तुला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"रंग घातला तेव्हापासून. वन्सं, तो इथे येईल असं नव्हतं वाटलं. त्यांनाही नव्हतं वाटलं."

"ते परके गो. तू तर घरातली." सुलभाचा आवाज चढला नव्हता. "त्या म्हाताऱ्याला मीच हाताला धरून पाण्यात बसवलं. मला म्हणाला, बाय, तुझ्यावर विश्वास आहे म्हणून येतो. मी त्याला काय सांगू आता?"

त्या दिवसापासून सुलभा आपलं ताट वेगळं वाढून घ्यायला लागली. महेंद्र आता एकदा इकडे, एकदा तिकडे बसायचा.

सौमित्र हादरला होता. आपला अंदाज चुकला हे त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि मग तो कामाला लागला. कुंडापाठोपाठ गरम विहिरीच्या नमुन्यांतही रंग दिसला. दोन-तीन आठवड्यांनी तो दर्शनाच्या समोर बसला आणि कागदावर एक लांब तिरपी रेघ ओढली.

ती भेग होती. परतीच्या विहिरीपासून निघून कुंडाच्या मुळाशी जाणारी, आणि तिथून गरम विहिरीकडे वळणारी. निवलेलं पाणी या भेगेने पळत होतं. भेगेच्या दोन्ही भिंतींमधली ऊब ते पुसून नेत होतं, आणि आतल्या दगडातून नवी ऊब भिंतींपर्यंत यायला फार वेळ लागत होता, कारण दगडातून उष्णता मुंगीच्या पावलांनी चालते. बारा वर्षांत भेग कुंडापर्यंत निवत आली होती. पुढे हे निवणं गरम विहिरीला गाठणार होतं.

"म्हणजे एकटं वन्संचं कुंडच थंड होत नाहीये," दर्शना म्हणाली.

"ते आधी थंड होतंय, एवढंच. सहा-सात वर्षांनी उष्माघराची पाळी येईल. तिसरी विहीर काढली तर त्याच्याही आधी."

उपाय होता, पण सोपा नव्हता. परतीची विहीर बंद करून भेगेच्या पलीकडे, पूर्वेच्या माळावर नवी खणायची. ते होईपर्यंत उपसाही बंद. म्हणजे निदान एक पावसाळा उष्माघर थंड राहणार, आणि तोही नेमका रातांब्यांचा. त्यानंतरही पूर्वीइतकी उष्णता घ्यायची नाही, दगडाला जेवढी परत भरून काढता येते तेवढीच. कुंड पुन्हा तापेल का, असं दर्शनाने विचारलं. तापायला हवं, असं सौमित्र म्हणाला. मग स्वतःच म्हणाला की रंगाबद्दलही तो असंच काहीतरी बोलला होता, तेव्हा तिने हे फार धरून चालू नये.

हा अहवाल सभेपुढे ठेवावाच लागणार होता, पण कसा ठेवायचा हे तिच्या हातात होतं. अजून सहा-सात वर्षं आहेत, पुढचं पुढे, असं मोघम सांगता आलं असतं. तोवर विजेवरची यंत्रं स्वस्त होतील असं कंपनीचं म्हणणं होतंच. तिला महेंद्रशी बोलावंसं वाटलं. त्याने नेहमीसारखं ऐकून घेतलं. या वेळी मात्र तो गप्प राहिला नाही. तो म्हणाला, "ताई तुझ्याशी बोलत नाही ती कुंडामुळे नाही. आता जे काय सांगशील ते सगळं सांग."

सभा उष्माघराच्या आवारात भरली. दर्शनाने आधी रंगाचं सांगितलं, आपण जाणूनबुजून गप्प राहिलो हेही. मग भेगेचं. तिसऱ्या विहिरीला नकार द्यावा आणि येता पावसाळा उष्माघर बंद ठेवावं, असं तिने मांडलं.

शर्वरी गोताड उठली. दर्शनापेक्षा वयाने लहान, पण कामात तिच्या बरोबरीची, प्रतवारीच्या टेबलाची प्रमुख. तिने आवाज न चढवता सांगितलं की तिची मुलगी नर्सिंगला आहे. सात वर्षांत तिचं शिक्षण होऊन ती कमवायला लागेल. "सात वर्षांनी हे थंड झालं तरी माझं काम झालेलं असेल. माझ्यासारख्या इथे कितीतरी आहेत. सात वर्षं आम्हाला कमी नाहीत."

हे म्हणणं चूक आहे असं दर्शनाला म्हणता येईना. ती एवढंच म्हणाली की मागून येणाऱ्या पोरींनाही मुली होतील. बोरम्यापुढे बसलेल्या जुन्या बायका मागच्या बाजूला होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली की एक पावसाळा निघतो, तो धूर पुन्हा नको. दुसरी म्हणाली की एका पावसाळ्याने तिचं घर मोडेल. वाद लांबत गेला. शेवटी हात वर झाले तेव्हा तिसरी विहीर नाकारली गेली आणि पावसाळाभर बंद ठेवायचंही ठरलं, अगदी थोड्या हातांच्या फरकाने.

मग शर्वरी पुन्हा उठली. जे ठरलं ते तिला मान्य होतं. पण गावापासून गोष्ट लपवणारी अध्यक्ष नको, असं ती म्हणाली. या वेळी हात मोजावे लागले नाहीत. दर्शनाच्या बाजूने बोलणाऱ्या बायकांनीही ते वर केले होते. तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि खाली जाऊन त्यांच्यात बसली. शर्वरी अध्यक्ष झाली.

तो पावसाळा वाईट गेला. रातांबे झाडाखाली पडून सडले आणि त्यांचा आंबूस वास आठवडेच्या आठवडे वाडीवर राहिला. बऱ्याच बायका चिपळूणला मजुरीला जायला लागल्या. त्यातल्या काही परत आल्या नाहीत. वाटेत भेटल्यावर दर्शनाला टाळणाऱ्या होत्या, आणि थांबून मुद्दाम चौकशी करणाऱ्याही होत्या. चौकशी करणाऱ्यांचं तिला जास्त लागायचं. पूर्वेच्या माळावर यंत्राची घरघर चालू राहिली. कुंडाचं पाणी जसं होतं तसंच होतं. रंग केव्हाच निघून गेला होता, पण सुलभाकडे येणारी माणसं निम्म्यावर आली होती.

घरात बोलणं थोडं सुरू झालं, ते मीठ कुठे आहे आणि दूध उतू जातंय एवढ्यापुरतं.

पुढच्या पावसाळ्यात उष्माघर पुन्हा चालू झालं, निम्म्या उपशावर. शर्वरीने नवीन शिस्त लावली. हिवाळ्या-उन्हाळ्यात जे काही उन्हात वाळतं त्याला जमिनीची ऊब द्यायची नाही. ती राखून ठेवायची पावसातल्या रातांब्यांसाठी. काजूची वाफ काजूच्याच टरफलांपासून काढलेल्या गॅसवर करायची, त्याला वेळ जास्त लागायचा आणि बायका कुरकुरायच्या. दर्शना आमसुलांच्या खोलीत काम करायला लागली. साली पसरायच्या, रस लावायचा, ट्रे फिरवायचे. हे काम तिला येत होतं आणि आवडतही होतं, हे ती अध्यक्षपदाच्या वर्षांत विसरली होती.

एका दुपारी खोलीच्या दाराशी रातांबे आणणाऱ्यांची रांग लागली होती. डोक्यावर पानांची इरली, पायाशी टोपल्या. दर्शना एकेक टोपली घेत होती. टोपली पुढे आली, तिने हात घातला आणि वर पाहिलं तर समोर सुलभा होती. परसातल्या झाडाचे रातांबे घेऊन ती सगळ्यांच्या मागे उभी राहून इथवर आली होती.

दर्शनाने टोपली आत घेतली. सुलभाही तिच्यामागून आत आली. कुणी अडवलं नाही. ती रॅकच्या ओळींमधून सावकाश फिरली, आमसुलांचा आंबट वास तिने खोल ओढून घेतला. भिंतीलगतच्या जाड नळापाशी ती थांबली आणि त्यावर हात ठेवला, टाकीत घालायची तसा. थोडा वेळ तसाच राहू दिला.

"कुंडातलंच पाणी ना हे?" तिने विचारलं.

"नाही, वन्सं. हे गावातलं पाणी. खालच्या पाण्याची नुसती ऊब यात येते."

"आणि ते खालचं?"

"ते परत जमिनीत जातं. सगळं. थेंबही बाहेर ठेवत नाही आपण."

सुलभाने हात काढला नाही. "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

मग सुलभा नळाकडेच बघत म्हणाली, "मी समजत होते, तुम्ही पाणी घेऊन जाता. इतकी वर्षं. येणाऱ्या माणसांनाही तेच सांगत आले. म्हटलं, वरती कारखान्यात नेतात, मग कुंडाला काय उरणार."

या सगळ्या वर्षांत दर्शनाने पुण्याच्या माणसांना, मंत्र्यांना, शाळेच्या सहलींना हे उष्माघर दाखवलं होतं. प्रत्येकाला पत्र्यांपाशी उभं करून समजावलं होतं. पण आपल्या घरात, एका चुलीवरचं खाताना, तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि सुलभानेही कधी विचारलं नव्हतं.

"पाणी जरासं बरं आहे आता," सुलभा म्हणाली. "परवा हात झटकन काढावा लागला. माझा भासही असेल."

"सौमित्रचा तापमापकही तेच म्हणतो. पण तो स्वतः म्हणतो, एवढ्यात धरून चालू नका."

"नाय धरून चालत. माणसं विचारतात मला. मी त्यांना चुकीचं सांगितलंय, तर आता नीट सांगायला हवं." तिने नळावरचा हात काढून पदराला पुसला. "मला सांग. शाळेतल्यासारखं नको, मला कळेल असं."

दारात रांग खोळंबली होती. शर्वरीने आत डोकावून पाहिलं, दोघींना एकत्र बघितलं आणि स्वतःच पुढची टोपली घ्यायला वाकली. दर्शनाने दोन रिकामे क्रेट ओढले. सुलभा एकावर बसली, दुसऱ्यावर ती. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता, म्हणून तिला थोडं पुढे झुकून बोलावं लागलं. "हा जो आत्ता पडतोय ना, वन्सं," ती म्हणाली, "तो डोंगरात मुरतो. इथून सुरुवात होते."